डोळ्यांनी पाहिलेला इतिहास

(जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात केलेले भाषण)



इतिहासाच्या अध्यापनाविषयी मी आपणांसमोर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. आपल्यासारखाच खेड्यातील शाळेत खडू झिजवून म्हातारा झालेला एक शिक्षक आहे. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासूनच आरंभ करतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट. चौथीच्या मुलांना मी 'दुष्काळ' या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. एका मुलीने आपल्या आजीकडून ऐकलेली १९७२ सालच्या दुष्काळाची हकीकत लिहून आणली. तिने लिहिले होते, "आजी सांगते, वाण्याच्या दुकानात धान्य होतं. पण शेतात काम नव्हतं, म्हणून हातात पैसा नव्हता. खडी फोडायचं काम निघालं तेव्हा आमच्या घरी चूल पेटली." मी त्या वाक्यावर तांबड्या शाईने फुली मारली आणि बाजूस लिहिले, 'दुष्काळात धान्य नसते.' मुलगी काही बोलली नाही. तिने वही मिटून पिशवीत ठेवली. त्या फुलीचे पुढे काय झाले, ते शेवटी सांगेन. तूर्त एवढेच सांगतो, की ज्या बाईने दुष्काळ पोटाने अनुभवला होता तिची साक्ष, ज्याने तो केवळ पुस्तकात वाचला होता अशा माणसाने खोटी ठरविली.

आजचा माझा विषय हाच आहे. ज्याने घटना डोळ्यांनी पाहिली त्याचा शब्द इतिहासात किती मोलाचा मानावा? तो पाहिला म्हणून निमूटपणे स्वीकारावा, की अडाण्याचे बोलणे म्हणून बाजूस सारावा? जगाच्या इतिहासातील काही प्रसिद्ध साक्षी तपासून पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडण्यास मदत होईल, असे मला वाटते.

प्रथम 'टायटॅनिक' जहाजाचे उदाहरण घेऊ. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री उत्तर अटलांटिक महासागरात हे प्रचंड जहाज हिमनगावर आदळले आणि सुमारे पावणेतीन तासांनी, पंधरा तारखेच्या पहाटे बुडाले. सुमारे दीड हजार माणसे मृत्यू पावली. सातशेंच्या आसपास वाचली. म्हणजे या घटनेला शेकडो प्रत्यक्ष साक्षीदार होते. ते सारे एकाच वेळी, एकाच जहाजाकडे पाहत होते. तरीही एका साध्या प्रश्नावर त्यांचे एकमत होईना. जहाज अखंड बुडाले, की आधी मोडून त्याचे दोन तुकडे झाले?

लाइटोलर नावाचा जहाजावरील दुसरा अधिकारी वाचला होता. वाचलेल्या अधिकाऱ्यांत तोच वरिष्ठ. त्याने ठासून सांगितले, की जहाज मोडले नाही. जॅक थेयर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा सांगत होता, की जहाज मोडताना आपण पाहिले. आश्चर्य असे, की हे दोघेही त्या रात्री एकाच उलट्या झालेल्या नौकेच्या पाठीवर चढून वाचलेले होते. इव्हा हार्ट नावाची सात वर्षांची मुलगी आईबरोबर दुसऱ्या एका नौकेत होती. तिचे वडील जहाजावरच राहिले आणि गेले. तीही सांगे, की जहाजाचे दोन तुकडे झाले.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या दुर्घटनेच्या स्वतंत्र चौकशा झाल्या. जहाज मोडल्याचे सांगणारे खलाशीही त्या चौकशांत होते. परंतु दोन्हीकडे निर्णय झाला तो जहाज अखंड बुडाल्याचा. अधिकाऱ्याच्या शब्दापुढे खलाशाचे आणि पोरासोरांचे सांगणे फिके पडले. इंग्लंडमधील चौकशीत तर प्रवाशांपैकी अगदी मोजक्याच जणांना साक्षीस बोलावण्यात आले आणि तिसऱ्या वर्गाच्या एकाही प्रवाशाची साक्ष घेतली गेली नाही. सरकारी अहवालात लिहिले गेले तेच पुढे पुस्तकांतून छापले गेले. इव्हा हार्ट मोठी झाली, वृद्ध झाली. पण तिने आपले म्हणणे सोडले नाही.

पुढे १ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकन आणि फ्रेंच संशोधकांच्या पथकाला समुद्राच्या तळाशी, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर, ते जहाज सापडले. त्याचे दोन तुकडे झालेले होते आणि ते एकमेकांपासून सुमारे ६०० मीटर अंतरावर पडले होते. सात वर्षांच्या मुलीने जे पाहिले होते ते खरे ठरण्यास त्र्याहत्तर वर्षे लागली. ती तेव्हा ऐंशी वर्षांची होती.

यावरून लाइटोलर खोटे बोलला, असा निष्कर्ष काढण्याची घाई आपण करू नये. रात्र चंद्रहीन होती. अखेरच्या क्षणी जहाजावरील दिवेही विझले होते. स्वतः बर्फासारख्या पाण्यात पडून प्राणांशी झगडणाऱ्या माणसाने नेमके काय पाहिले असेल, याचा विचार केला पाहिजे. पण त्याचबरोबर हेही ध्यानी घेतले पाहिजे, की तो कंपनीचा नोकर होता आणि जहाज मोडले असे म्हणणे म्हणजे त्याच्या बांधणीवर बोट ठेवणे होते. तेव्हा साक्षीदाराला विचारावयाचा पहिला प्रश्न हा: तो कोठे उभा होता? आणि 'कोठे' याचा अर्थ केवळ जागा नव्हे. अधिकारी की प्रवासी, मालक की मजूर, वाड्याच्या गच्चीवर की वाड्याच्या दाराशी, हेही त्यात आले.

दुसरे उदाहरण बरेच जुने आहे. इ. स. ७९ साली इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पाँपेई व हर्क्युलेनियम ही शहरे राखेखाली गाडली गेली. हा स्फोट पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवणारा माणूस म्हणजे धाकटा प्लिनी. तो त्या वेळी सतरा-अठरा वर्षांचा होता. मिसेनम येथील आरमाराचा प्रमुख असलेल्या आपल्या मामाकडे तो आईसह राहत होता. पर्वतावर छत्रीसारख्या पसरलेल्या पाइन वृक्षाच्या आकाराचा ढग उठलेला पाहून मामाने भाच्याला विचारले, की तू पाहावयास बरोबर येतोस काय? भाच्याने सांगितले, की मला अभ्यास करावयाचा आहे. मामानेच त्याला काही लेखनपाठ नेमून दिला होता. गृहपाठामुळे ज्याचा प्राण वाचला, असा इतिहासातील हा विद्यार्थी म्हणावयास हरकत नाही! मामा जहाजे घेऊन लोकांना वाचविण्यास गेला, तो परत आला नाही.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर टॅसिटस या इतिहासकाराने आपल्या ग्रंथासाठी माहिती विचारली, तेव्हा प्लिनीने त्याला दोन पत्रे लिहिली. ही पत्रे आपण शिक्षकांनी नमुना म्हणून समोर ठेवण्याजोगी आहेत. पहिल्या पत्रात मामाच्या अखेरची हकीकत आहे. ती सांगताना, आपण स्वतः पाहिले ते आणि घटना ताजी असताना इतरांकडून ऐकले ते, असे दोन्ही यात आहे, हे तो स्पष्ट करतो. दुसऱ्या पत्रात स्वतःचा अनुभव आहे: हादरणारी घरे, मागे हटलेला समुद्र, पळणाऱ्या लोकांची गर्दी, भरदिवसा पडलेला अंधार आणि त्या अंधारात एकमेकांना हाका मारणारी माणसे. आपल्या वृद्ध आईचा हात त्याने सोडला नाही, हेही त्यात आहे.

काळाचा खेळ असा, की टॅसिटसच्या ज्या ग्रंथासाठी ही पत्रे लिहिली, त्यातील या घटनेचा भाग नष्ट झाला. इतिहासकाराचे पान गेले आणि साक्षीदाराचे पत्र राहिले. आकाशात उंच उसळणारा राखेचा स्तंभ आणि त्याचा वर पसरणारा माथा ही त्याने केलेली नोंद इतकी अचूक ठरली, की आजही भूशास्त्रज्ञ तशा स्फोटांना प्लिनीचेच नाव देतात.

परंतु याच पत्राची दुसरी बाजूही पाहा. स्फोटाची तारीख म्हणून २४ ऑगस्ट ही तारीख पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत छापली गेली. प्लिनीच्या हातचे पत्र कोणी पाहिलेले नाही. आपल्यापर्यंत आल्या त्या शेकडो वर्षांनी हाताने केलेल्या नकला, आणि त्यांत तारखेविषयी एकवाक्यता नाही. २०१८ साली पाँपेईतील एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला. त्यात ऑक्टोबरच्या मध्याची तारीख आहे. कोळशाची अक्षरे फार दिवस टिकत नाहीत. म्हणून स्फोट ऑक्टोबरमध्ये झाला असावा, या मताला त्यामुळे पुष्टी मिळाली. साक्षीदार खरा असूनही नक्कल करणाऱ्याचा हात चुकू शकतो. म्हणून दुसरा प्रश्न हा: पाहिल्यानंतर किती काळाने लिहिले? आणि तिसरा: ते लिहिणे कोणाकोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आले?

घडल्या दिवशीच लिहिलेली नोंद कशी असते, हे पाहावयाचे असेल तर सॅम्युअल पीप्स या इंग्रज अंमलदाराची रोजनिशी पाहावी. २ सप्टेंबर १६६६ रोजी लंडन शहराला मोठी आग लागली. पहाटे तीनच्या सुमारास मोलकरणीने पीप्सला उठवून दूरवर दिसणारी आग दाखविली. त्याने खिडकीतून पाहिले, आग बरीच लांब आहे असे ठरविले आणि तो पुन्हा झोपी गेला! चार दिवसांत तेरा हजारांवर घरे भस्मसात झाली. पंचवीस वर्षांनी आठवणी लिहिणारा माणूस आपले ते झोपी जाणे बहुधा विसरला असता, किंवा लपविता. रोजनिशी लिहिणाऱ्याने ते लिहून ठेवले. पुढे आपण चीज आणि मद्य बागेत पुरून ठेवले, हेही त्याने लिहिले आणि घर सोडवेना म्हणून खिडक्यांभोवती घिरट्या घालत पंख जळालेली कबुतरेही त्याच्या नजरेतून सुटली नाहीत. रोजनिशी त्याने लघुलिपीत लिहिली होती. ती उलगडून प्रथम छापली गेली १८२५ साली.

आता आपल्या घरचे उदाहरण. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा. यज्ञाऐवजी त्यांना गाठले ते बंडाच्या वणव्याने. १८५८ साली इंग्रजी फौजेने झांशीला वेढा घातला, तेव्हा गोडसे भटजी शहरातच होते. तोफांचे गोळे, शहर पडल्यावर झालेली लूट आणि कत्तल, घराच्या कोपऱ्यात जीव मुठीत धरून काढलेले दिवस, हे सारे त्यांनी भोगले. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई त्यांनी पाहिली. सेनापतींचे खलिते आणि सरकारी कागद यांतून न दिसणारे ते युद्ध आहे. लढाईत शिपायाखेरीज इतर माणसांचे काय होते, हे आपल्याला एका गरीब भिक्षुकाने सांगितले.

पण येथेही आपले तीन प्रश्न लागू करावेत. ते कोठे होते? शहराच्या आत, सामान्य रहिवाशांत. केव्हा लिहिले? सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीने. त्यामुळे पाहिलेले आणि वाटेत ऐकलेले यांची कोठे कोठे सरमिसळ झाली आहे. कोणाच्या हातून आले? चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून ते लिहिले गेले आणि 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली वैद्यांनीच ते प्रसिद्ध केले. परंतु छापताना त्यांनी मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती वाचकांना मिळाली ती १९६६ साली, महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी संपादित केली तेव्हा. भटजींचा खरा आवाज ऐकण्यास महाराष्ट्राला जवळजवळ साठ वर्षे अधिक थांबावे लागले. तरीही वैद्यांनी त्यांना लिहावयास सांगितले नसते, तर आज काहीच उरले नसते. कोणीतरी विचारावे लागते, बंधुभगिनींनो! ज्याने पाहिले तो बहुधा आपण होऊन लिहीत नाही.

आता माझ्या तांबड्या फुलीकडे वळतो. त्यानंतर काही वर्षांनी अमर्त्य सेन यांच्या विचारांची ओळख करून देणारा एक लेख माझ्या वाचनात आला. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात सेन नऊ-दहा वर्षांचे होते आणि शांतिनिकेतनात शिकत होते. भुकेने कासावीस झालेले लोंढे त्यांनी पाहिले. घरून त्यांना मुभा होती, की दारी येणाऱ्याला सिगारेटचा डबा भरून तांदूळ द्यावेत. त्या मुलाच्या ध्यानात एक गोष्ट राहिली. आपल्या ओळखीच्या घरांतून कोणी उपाशी मरत नव्हते; मरत होते ते एका विशिष्ट वर्गातले, मुख्यतः भूमिहीन मजूर. मोठेपणी, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की दुष्काळात माणूस मरतो तो केवळ धान्य नाही म्हणून नव्हे. धान्य विकत घेण्याची ऐपत गेली म्हणूनही मरतो. १९९८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लेख वाचता वाचता मला ती वही आठवली. दुकानात धान्य होते पण हातात पैसा नव्हता, काम निघाले तेव्हा चूल पेटली, हे त्या आजीने तीन वाक्यांत सांगितले होते. मी त्या गावी पुन्हा गेलो. आजी वारली होती. मुलगी लग्न होऊन गेली होती. ती वही कोठे असणार? फुली पुसावयास मला जागा उरली नव्हती.

एवढे सांगून मी आपणांपुढे काही सूचना ठेवतो. त्यांना खर्च लागत नाही आणि वेगळा तासही लागत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला हे सहज करता येईल.

पहिली सूचना अशी, की प्रत्येक शाळेने एक जाड वही घालावी आणि तिला 'गावाची साक्ष' असे नाव द्यावे. गावात कोणती मोठी घटना पाहिलेली माणसे आहेत, त्याची शिक्षकांनी यादी करावी. पुणे परिसरात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसे असतील. पाटण भागात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी असतील. लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कोणी विसरलेले नसेल. १९७२ चा दुष्काळ तर राज्याच्या फार मोठ्या भागाने पाहिला. तेव्हा जे ऐन उमेदीत होते ते आज वार्धक्यात आहेत. ही माणसे फार काळ आपली वाट पाहणार नाहीत.

दुसरी सूचना विचारण्याच्या रीतीविषयी आहे. 'दुष्काळाविषयी माहिती सांगा' असे विचारले, की आजोबा भाषण करतात. 'त्या दिवशी सकाळी तुम्ही काय खाल्ले?', 'पाणी कोठून आणले?', 'कामावर तुमच्या शेजारी कोण होते?' असे विचारले, की आठवण बोलू लागते. खेड्यातील माणूस साल सांगत नाही. तो सण सांगतो, लग्न सांगतो, बैल घेतला ते वर्ष सांगतो. किल्लारीचा भूकंप कोणी 'गणपती विसर्जनाच्या रात्री' म्हणून सांगेल. त्यावरून तारीख काढून देणे हे शिक्षकाचे काम. सणाला तारखेशी जोडून पाहताना मुलांचा गणिताचा आणि पंचांगाचाही पाठ होतो.

तिसरी सूचना लेखनाविषयी. पानाच्या मध्यावर उभी रेघ मारावी. डावीकडे 'पाहिलेले' लिहावे, उजवीकडे 'ऐकलेले'. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसेच, त्याच्या बोलीत उतरावेत. ते प्रमाण भाषेत 'सुधारू' नयेत. वर त्याचे वय, त्या वेळी तो कोठे होता आणि आपण केव्हा लिहून घेतले, हे नोंदवावे. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर आवाजही मोबाईलवर टिपून ठेवता येईल. पण वही सोडू नये. एकाच घटनेविषयी दोन-तीन जणांना विचारावे, आणि त्यांत एक तरी स्त्री असावी, एक तरी गावकुसाजवळच्या वस्तीतील असावा. 'टायटॅनिक'च्या इंग्लंडमधील चौकशीत तिसऱ्या वर्गाला कोणी विचारले नाही. आपल्या वहीत तसे होऊ नये.

दोन साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर मुले गोंधळतील, अशी भीती काही जण घालतील. गोंधळू द्यावे. कोण खरे, हे ताबडतोब सांगण्याची घाई करू नये. दोघे कोठे उभे होते, एवढेच मुलांना शोधावयास लावावे. खऱ्याखोट्याची निवड स्वतः करू पाहणारे मूल पुढे अफवेला सहजी बळी पडणार नाही. आजच्या काळात घरबसल्या हातातील यंत्रावर शंभर बातम्या येऊन पडतात. त्या काळाला सामोरे जाणाऱ्या मुलाला याहून मोठा संस्कार इतिहास कोणता देणार?

आणि एक शेवटची गोष्ट. आपण स्वतःही साक्षीदार आहोत. २०२० साली टाळेबंदी झाली, शाळांना कुलपे लागली. कोणाच्या घरी मोबाईल होता आणि कोणाच्या घरी नव्हता, शहरांतून पायी परतलेली कुटुंबे गावच्या शाळेत कशी उतरली, कोणते मूल पुन्हा वर्गात आलेच नाही, हे तुम्ही पाहिले आहे. सरकारी अहवालात आकडे असतील. त्या मुलाचे नाव तुमच्या हजेरीपटाखेरीज कोठे असणार? तेवढे एक पान तरी आज घरी जाऊन लिहावे.

माझ्या हातून एक साक्ष गेली. आपल्या हातातील तांबडी शाई फुली मारण्यापूर्वी क्षणभर थांबेल आणि 'बाळ, हे तुला कोणी सांगितले? चल, आपण त्यांना विचारू' असे आपण म्हणाल, तर माझ्या त्या चुकीचे अल्पसे परिमार्जन झाले, असे मी समजेन.